साजावेगळे गाणे आणि श्रोत्यांचा कौल

पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील पेण गावी १ नोव्हेंबर १९२६ रोजी यशवंत देव यांचा जन्म झाला. त्यानंतर नऊ महिने पुरे होण्याच्या आतच, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. धरमतरच्या खाडीने मुंबईशी जोडलेल्या मुलखात जन्मलेला हा मुलगा आणि खाडीपलीकडच्या शहरात अवतरलेले हे नवे यंत्र एकाच वयाचे होते, आणि पुढे दोघांची आयुष्ये एकमेकांत गुंतून गेली. देव हे कवी होते, संगीतरचनाकार होते आणि गायकही होते. मुंबई आकाशवाणीच्या सुगम संगीताच्या क्षेत्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या चाली लता मंगेशकर, आशा भोसले, सुधीर फडके, अरुण दाते यांच्या गळ्यांतून महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचल्या. उतारवयात मात्र हाच रचनाकार मोठा वाद्यमेळ बाजूस ठेवून, पेटी आणि मोजकी साथ एवढ्यावर आपली गाणी आपल्याच आवाजात म्हणू लागला, आणि म्हणता म्हणता ती उलगडून सांगू लागला. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी, वयाची ब्याण्णव वर्षे पुरी होण्यास अवघे दोन दिवस उरले असता, ते निवर्तले.

वृद्ध रचनाकाराच्या अशा साजावेगळ्या गाण्याविषयी श्रोत्यांत सहसा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जे गाणे एकदा निर्दोष गळ्यातून ऐकले, ते थकलेल्या आवाजात पुन्हा का ऐकावे? रचनाकाराने रचना करावी आणि गायकाने गावे, यातच दोघांची शोभा आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याने शब्दाला चाल दिली त्याच्या तोंडून गाणे ऐकल्यावाचून ती चाल तशीच का, हे कधी कळावयाचे नाही. पहिल्या पक्षाचा आग्रह सुराविषयी आहे, दुसऱ्याचा अर्थाविषयी. हा वाद वरवर आवडीनिवडीचा दिसतो. परंतु गाणे हे कोणाचे, गळ्याचे की शब्दाचे, हा जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे, आणि मराठी रसिकांनी त्याचा निवाडा निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने केला आहे.

कवी आणि गायक एकच असल्याचे आणि उतारवयात त्याने साज उतरविल्याचे जुने उदाहरण शाहिरांच्या काळातले आहे. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) हे तमाशाच्या फडावर गाजलेले शाहीर. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने त्यांनी तमाशा सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. फडावरचा डफ गेला, तुणतुणे गेले, झिलकऱ्यांचा गलका गेला; उरला तो बोध करणारा एकट्याचा आवाज. जे श्रोते रंगाच्या ओढीने येत, त्यांना हा बदल रुचला असेल असे मानण्याचे कारण नाही. तथापि फंदींचे नाव आज मराठी वाचकाच्या जिभेवर येते ते ‘फटका’ या रोखठोक रचनाप्रकारामुळे. पाठ्यपुस्तकांनी त्यांचे फटके जपले. फडावरच्या रात्री ज्यांनी ऐकल्या, त्यांच्याबरोबरच त्या गेल्या.

पुढील शतकात रंगभूमीने तराजूचे दुसरे पारडे जड केले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यास रंगभूमीवर आले. त्यातील पदांची संख्या दोनशेंच्या वर होती. पण ही पदे बहुतांशी साक्या, दिंड्या आणि कीर्तनातल्या ओळखीच्या चालींवर असल्याने कथेच्या ओघात चटकन म्हणून होत. पुढे ‘मानापमान’ (१९११) मध्ये गोविंदराव टेंबे यांनी आणि ‘स्वयंवर’ (१९१६) मध्ये भास्करबुवा बखले यांनी ख्याल-ठुमरीच्या बंदिशी रंगभूमीवर आणल्या. पदे संख्येने कमी झाली, पण एकेक पद लांबत गेले. प्रेक्षकाचा कौल देण्याचे साधन म्हणजे ‘वन्समोअर’ची आरोळी. ती आरोळी उठली की नायक-नायिकेचे संभाषण तेथेच थांबे, पेटीवाला पुन्हा सूर धरी, आणि पद पहिल्यापासून सुरू होई. नाटक पहाटेपर्यंत चाले आणि कोणाची तक्रार नसे. ही मागणी क्वचितच शब्दासाठी असे. ती तानेसाठी, जागेसाठी, एखाद्या अनपेक्षित हरकतीसाठी असे. रसिकांनी गळ्याच्या बाजूने दिलेला इतका उघड कौल मराठी गाण्याच्या इतिहासात दुसरा नाही.

परंतु त्याच रंगभूमीच्या सम्राटाच्या नशिबी उतारवयात साज उतरविणे आले. बालगंधर्वांनी तरुणपणी शालू, दागिने, अत्तरे, ऑर्गन आणि सारंगी यांच्या वैभवात गायन केले. थिरकवाँसारखे तबलजी त्यांच्या साथीस होते. पुढे कर्ज आले, वय झाले, पायांतली शक्ती गेली, आणि हा नट बैठक मारून साध्या पुरुषवेषात भजने गाऊ लागला. १९६७ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्या अखेरच्या बैठकींविषयी जुन्या रसिकांत मतभेद असणे स्वाभाविक होते. ज्यांच्या डोळ्यांपुढे भामिनी आणि रुक्मिणी उभ्या होत्या, त्यांना ते दर्शन सोसवेना. ज्यांनी डोळे मिटून ऐकले, त्यांना लयीचा तोच डौल आणि शब्द टाकण्याची तीच लडिवाळ रीत पुन्हा भेटली. एकच गाणे, पण पाहणाऱ्याचा कौल एक आणि ऐकणाऱ्याचा दुसरा.

गाण्याचा भार हलका करण्याची हाक याच सुमारास दोन दिशांनी उठली होती. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी आपल्या कविता सभांतून गाऊन दाखविण्यास आरंभ केला. यशवंत, गिरीश, माधव ज्यूलियन यांच्या काव्यगायनास गर्दी होई, आणि त्याबरोबर टीकाही होई. कविता गाइली म्हणजे सामान्य ओळही गळ्याच्या आडोशाने मोठी ठरते, असा टीकाकारांचा आक्षेप होता. त्या काळच्या कवींच्या लकबींची आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ (१९२५) मधून जी मनसोक्त थट्टा केली, ती सर्वश्रुत आहे. दुसरीकडे ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक मुंबईस केले. त्यात गाणी अगदी मोजकी होती. केशवराव भोळे यांनी ती प्रसंगाला धरून बांधली होती, आणि ज्योत्स्नाबाई भोळे यांनी ती कथेतल्या पात्राने म्हणावी तशी म्हटली. संस्था फार वर्षे टिकली नाही. परंतु पात्राच्या मनातला भाव सांगून झाला की गाणे थांबले पाहिजे, हा धडा मागे राहिला.

तो धडा पक्का केला तो ध्वनिमुद्रिकेने. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. मैफलीचा गवई या मर्यादेने गुदमरे; कवितेला मात्र ती नेमकी मानवली. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची कविता गाऊन मुद्रित केली, आणि तेथून मराठी भावगीताचा ओघ सुरू झाला असे सामान्यतः मानतात. मागून गजाननराव वाटवे आले. स्वतः पेटी वाजवीत, गणेशोत्सवातल्या उघड्या मांडवात, हजारोंच्या जमावापुढे त्यांनी कविता गाइल्या. नाटकाचा पडदा नाही, वेष नाही, सारंगी नाही. केवळ कवीचे शब्द आणि एका माणसाचा गळा. अभिजात संगीताच्या उपासकांनी या प्रकाराला हलके गाणे म्हणून नाक मुरडले, आणि मध्यमवर्गीय घरांनी तो आपलासा केला.

नभोवाणीने श्रोत्याला घरात बसविले आणि कौल देण्याची त्याची रीतच पालटली. आता आरोळी देऊन उपयोग नव्हता. त्याच्या हाती पत्र आले. ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमातून निवेदक गाण्याआधी गावांची आणि माणसांची नावे वाची, आणि ती नावे हीच गाण्याची पावती असे. पण नभोवाणीलाही स्वतःची आवड होती. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या प्रक्षेपणातून हार्मोनियम हद्दपार केली. या वाद्याचे सूर ठरावीक पट्ट्यांत बांधलेले. दोन सुरांमधली मींड त्यातून निघत नाही, आणि त्याची सुरावट भारतीय श्रुतींशी जुळत नाही, हा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकुरांचाही या बंदीस पाठिंबा होता. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी ज्या पेटीला प्रतिष्ठा मिळवून दिली, कीर्तनात, नाटकात आणि घरगुती शिकवणीत जी ठायी ठायी दिसे, ती नभोवाणीवर तीस वर्षांहून अधिक काळ मुकी राहिली. १९७१ च्या सुमारास ही बंदी शिथिल होऊ लागली. म्हणजे देव यांच्या उमेदीच्या काळात नभोवाणीवरचे मराठी गीत सतार, सारंगी, व्हायोलिन, बासरी यांच्या संगतीने ऐकू येई. आणि उतारवयात जी एकटी पेटी त्यांच्यापुढे दिसे, ती त्यांच्या तरुणपणी त्या ध्वनिक्षेपकापुढे निषिद्ध होती. साधेपणाच्या कल्पनाही काळाबरोबर कशा फिरतात, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारचे माहिती व नभोवाणीमंत्री होते. चित्रपटगीतांविषयी त्यांची नापसंती प्रसिद्ध आहे. श्रोत्यांनी तिला उत्तर दिले ते रेडिओची कळ सिलोनकडे फिरवून. परंतु चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठी आकाशवाणीने सुगम संगीताचे विभाग उभे केले, कवींकडून गीते मागविली, रचनाकारांकडून ती बांधून घेतली, आणि या प्रयत्नाचे मराठीला अपूर्व फळ मिळाले. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. ते आठवड्यास एक याप्रमाणे पुढील वर्षाच्या रामनवमीपर्यंत चालले, आणि छप्पन्न गीतांनी पुरे झाले. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक अशा अनेकांचे आवाज होते. सीतेचा आवाज वेगळा, कौसल्येचा वेगळा. पुढे फडक्यांनी तीच गीते एकट्याने, पेटी पुढे घेऊन, गावोगाव गाइली. स्त्रीपात्रांची गीतेही त्यांच्याच गळ्यातून आली. नाट्य उणे झाले, असे म्हणता आले असते. लोकांनी तसे म्हटले नाही. छप्पन्न गीतांना त्या एका आवाजाने कथेकऱ्याचे सूत्र दिले, आणि आज बहुसंख्य घरांत ‘गीतरामायण’ म्हणजे फडक्यांचाच आवाज होय. रचनाकाराने साज आवरून स्वतः गाणे पुढे न्यावे, यास मराठी श्रोत्याने दिलेला हा निःसंदिग्ध कौल होता. अर्थात फडक्यांचा गळा हा गायकाचा सिद्ध गळा होता, हे येथे विसरून चालणार नाही.

देव यांचे कार्य याच वातावरणात वाढले. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे आणि देव पेणचे. कोकणच्या एकाच किनाऱ्यावरच्या या दोघांच्या जोडीस अरुण दाते यांचा मृदू आवाज मिळाला आणि मराठी भावगीताचे एक नवे पर्व सुरू झाले. ज. के. उपाध्ये यांची कविता त्यांनी आशा भोसले यांना दिली, वा. रा. कांत यांची सुधीर फडक्यांना, कुसुमाग्रजांची श्रीधर फडके यांना. ‘कामापुरता मामा’ (१९६५) या चित्रपटात लता मंगेशकर यांनी गाइलेल्या एका गीताचे शब्दही त्यांचेच होते आणि चालही त्यांचीच. कवी आणि रचनाकार या दोन्ही बाजू ठाऊक असल्याने त्यांनी या साऱ्या अनुभवाचे एक शास्त्र बांधले आणि त्याला ‘शब्दप्रधान गायकी’ असे नाव दिले. याच नावाचे त्यांचे पुस्तक आहे, याच नावाने त्यांनी गावोगाव शिबिरे घेतली. आणि ‘रियाजाचा कानमंत्र’ या पुस्तकात गाणाऱ्याला हिताच्या गोष्टी सांगितल्या.

हे शास्त्र समजण्यास कठीण नाही. आचरण्यास कठीण आहे. मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे लाचार. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. ठेक्याच्या सोयीसाठी गायकाने ऱ्हस्व अक्षर ओढले की अर्थ जागच्या जागी बदलतो, आणि श्रोत्याला नकळत ठेच लागते. श्वासाचेही तसेच. ‘दारात कुणी उभे नाही’ असे एक साधे वाक्य घ्यावे. ‘कुणी’वर सूर लांबविला तर वाट पाहणे ऐकू येते, ‘दारात’वर लांबविला तर ओसाड उंबरठा दिसतो, आणि ‘उभे’ म्हणून श्वास घेतला, मग ‘नाही’ म्हटले, तर क्षणभर कोणी तरी खरोखरच आले आहे असे वाटून मग निराशा पदरी येते. शब्द तेच, सूरही कदाचित तेच. श्वासाची जागा फिरली की प्रसंग फिरतो. शब्दप्रधान गायकीत हे सारे आधी ठरवावे लागते, आणि मग तान, मुरकी, वाद्याचा तुकडा यांना त्या निर्णयाच्या आज्ञेत राहावे लागते.

पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथून आणि जवळच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून मूर्ती दूरदूर जातात, आणि त्यांतल्या पुष्कळशा रंग न दिलेल्या, कच्च्या, अशाच रवाना होतात. रंगकाम विकत घेणाऱ्याच्या गावी होते. जाणता गिऱ्हाईक कच्च्या मूर्तीचीच पारख करतो. कारण सोंडेचे वळण किंवा हाताची ठेवण चुकली असेल तर ती रंगाने झाकते, पण सुधारत नाही. उतारवयातले देव यांचे गाणे हे या कच्च्या मूर्तीसारखे होते. व्हायोलिनांचा ताफा नाही, गाण्याआधीची सुरावट नाही, दोन कडव्यांमधले बासरीचे वळण नाही. पेटी स्वतःच्याच हाती असल्याने मध्येच थांबता येई, ओळ पुन्हा म्हणता येई, दुसऱ्या तऱ्हेने म्हणून ती का फसते हेही दाखविता येई. वाद्यवृंदाबरोबर गाणाऱ्याला ठरल्या मात्रेवर परतावे लागते. एकट्याला शब्दासाठी लयीकडून क्षणभराची उसनवारी करता येते. गाणे आणि बोलणे यांतली भिंत अशा वेळी अगदी पातळ होते.

सर्व आयुष्य साजात गेलेल्या कलावंताने अखेरीस तो उतरवावा, हे इतरत्रही घडले आहे, आणि तेथेही श्रोत्यांत असेच दोन तट पडले आहेत. अमेरिकेतील गायक व गीतकार जॉनी कॅश यांचा १९५० नंतरच्या दशकापासून मोठा बोलबाला होता. परंतु १९८६ मध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या जुन्या कंपनीने त्यांच्याशी असलेला संबंध तोडला. १९९३ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, रिक रुबिन या तरुण निर्मात्याने त्यांना एका गिटारीनिशी बसवून केवळ आवाज मुद्रित केला, आणि त्यातून १९९४ मध्ये ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा गीतसंग्रह निघाला. त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि नातवांच्या वयाचे श्रोते लाभले. मात्र ज्या कंट्री संगीतातून ते वर आले, त्या संगीताच्या नभोवाणी केंद्रांनी त्या गाण्यांना फारसा थारा दिला नाही. पुढील नऊ वर्षांत, २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांचा आवाज खचत गेला आणि मुद्रणे होत राहिली. त्या खचलेल्या आवाजातच काहींना सत्य ऐकू आले. इतरांना वाटले की वार्धक्याचेच हे प्रदर्शन आहे. दूर देशातल्या या वादाचे शब्द वेगळे असले तरी त्यातली मते पेणच्या माणसालाही परकी वाटू नयेत.

आता या मतांची तूलना केली पाहिजे. साध्या गाण्यावरचा पहिला आक्षेप सुराविषयीचा आहे, आणि तो खरा आहे. वयाबरोबर श्वास आखूड होतो, वरच्या पट्टीतला सूर थरथरतो, खर्ज कोरडा पडतो. ज्याचा कान तयार आहे त्याला हे जाणवणारच, आणि आदरापोटी ते जाणवले नाही असे म्हणण्याने कोणाचाच लाभ होत नाही. गाणे हे अखेर गाणे आहे. केवळ अर्थ हवा असेल तर कविता वाचता येते.

दुसरा आक्षेप स्मृतीचा आहे, आणि त्याचे मूळ यंत्रात आहे. ध्वनिमुद्रिका येण्यापूर्वी गवयाचे कालचे गाणे श्रोत्याच्या आठवणीतच असे, आणि आठवण गवयाबरोबरच म्हातारी होई. मुद्रिकेने गाण्याचे एक रूप कायमचे गोठविले. १९६५ मध्ये मुद्रित झालेला स्वर आजही त्याच वयाचा आहे. त्यामुळे वृद्ध रचनाकाराला आपल्याच गाण्याच्या चिरतरुण प्रतिमेशी सामना द्यावा लागतो. असा सामना पूर्वी कोणत्याही कलावंताच्या वाट्यास आला नव्हता. श्रोता जेव्हा म्हणतो की हे त्या गाण्यासारखे झाले नाही, तेव्हा तो बहुधा गाण्याची नव्हे, मुद्रिकेची आठवण सांगत असतो.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. साधेपणाचाही एक डौल असतो. वाद्ये काढून टाकली की गाणे आपोआप खोल होते, असा समज करून देणारे कलावंत असतात आणि तो समज करून घेणारे श्रोतेही असतात. मुळात पोकळ असलेले गीत वाद्यांवाचून अधिकच पोकळ ऐकू येते. त्याला तपस्येचे नाव दिल्याने ते भरत नाही. रविकिरण मंडळाच्या वेळी टीकाकारांनी विचारलेला प्रश्न येथेही लागू पडतो: गळ्याचा आडोसा काढला तर ओळ आपल्या पायांवर उभी राहते काय? देव यांच्या साध्या गाण्याचे मोल या प्रश्नाला ते स्वतः सामोरे गेले यात आहे. ते आपली ओळ श्रोत्यांपुढे उघडी ठेवीत, तिचे सांधे दाखवीत. जी ओळ त्या परीक्षेस उतरे तिच्याविषयी मग शंका उरत नसे. आणि आवाज थकलेला आहे, ही गोष्ट श्रोता काही काळ विसरून जाई. सुराचा कैवारी आणि अर्थाचा कैवारी यांचा समेट घडला तर तो याच ठिकाणी घडतो. कारण शब्दावर नेमका बसलेला सूर थरथरला तरी आपल्या जागी असतो.

‘वन्समोअर’ची आरोळी, मुद्रिकेची खरेदी, आकाशवाणीस लिहिलेले पत्र: कौल देण्याच्या या तीन रीतींची नोंद इतिहासाला ठेवता येते. चौथी रीत नोंदीत येत नाही. ती म्हणजे गुणगुणणे. भावगीत घरात आले त्या दिवसापासून गृहिणींनी ते चुलीपुढे म्हटले, मुलींनी हळदीकुंकवाच्या बैठकीत म्हटले, शाळेच्या संमेलनात कोणी पेटीवर एकच पट्टी धरून म्हटले. तेथे व्हायोलिने नव्हती, बासरी नव्हती, आणि गळाही बहुधा सामान्यच होता. तरीही गाणे ओळखू येई, आणि ऐकणारे गप्प होत. वाद्यवृंदाचा साज श्रोत्यांनी आपल्या घरात कधीच उतरवून ठेविला होता. देव यांनी वृद्धपणी जे रंगमंचावर केले, ते महाराष्ट्रातल्या घरांत पन्नास वर्षे आधीपासून चालले होते. आपले गाणे लोक आवाजाच्या सौंदर्यावाचूनही म्हणतात, आणि म्हणताना शब्द मोडत नाहीत, यापरते समाधान शब्दप्रधान गायकीच्या पुरस्कर्त्याला दुसरे कोणते असणार?